कासरा सैल सोड, दत्ता

सापगावात मला सगळे विमानवाले आजोबा म्हणतात. शहापूरच्या बाजारात भाजी घेत असलो की कोणीतरी थांबवून विचारतोच, "आजोबा, विमानातनं आपलं गाव कसं दिसायचं?" मी सांगतो, भातसा नदी चांदीच्या तारेसारखी दिसायची. खरं तर मी आपल्या गावावरून एकदाही उडालो नाही. माझी सगळी नोकरी इथून फार लांब झाली. पण "नाय दिसलं" म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, म्हणून नदीचं तेवढं सांगतो.

दुसरा प्रश्न, "किती सीटांचं होतं?" एक सीट. "मग संगती कोण?" कोणी नाही. हे मात्र लोकांना पटत नाही. एवढं मोठं विमान आणि आत एकटा माणूस? तोच चालवणार, तोच रस्ता शोधणार, तोच तोफ डागणार? हो, तोच. आणि त्या एकट्या माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, पोट दिसत नाही. शेपटीला आग लागली तरी ती त्याला सगळ्यात शेवटी कळते. म्हणून लढाऊ विमानं जोडीनं जातात. एक पुढचा, एक मागचा. दोघांनी आळीपाळीनं एकमेकांची पाठ बघायची. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल ही नेम मारण्याची नाही, शेजाऱ्याकडे बघण्याची आहे.

मी ज्याच्याकडे बघत होतो त्या माणसाची ही हकिकत. त्याचं नाव दत्ता देसले. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे त्याचं गाव. ही लिहू का, असं त्याला विचारलं तर म्हणाला, "लिहा. पण मला बिचारा करू नका."

लढाऊ विमानांवर काही वर्षं काढल्यावर मला दक्षिणेतल्या एका प्रशिक्षण शाळेत शिकवायला नेमलं होतं. तिथे दत्ता माझ्या हाताखाली आला. हडकुळा, कान मोठे, इंग्रजी पुस्तकी. विमान वळवायची दांडी तो मुठीत अशी आवळायचा की बोटं पांढरी पडायची. सगळे नवशिके तसंच करतात. इंग्रजीत सांगून थकलो तेव्हा एक दिवस शिकवायच्या दोन सीटांच्या विमानात मागच्या सीटवरून मी आपल्या बोलीत ओरडलो, "अरे, बैल हाकताना कासरा असा आवळतोस का? सैल सोड की!" तो दचकला. मग दांडी अलगद दोन बोटांत आली आणि विमान पाण्यावरच्या पानासारखं स्थिर झालं. खाली उतरल्यावर म्हणाला, "सर, तुमी आमच्याकडचे?" दोघांच्याही घरी भातशेती, दोघांच्याही घरी बैल. त्या दिवसापासून एकट्यात आमची भाषा ती झाली. लोकांसमोर आणि रेडिओवर मात्र इंग्रजीच, तो नियम होता.

तिथे आणखी एक रीत होती. विद्यार्थ्याला एकट्यानं उडू देण्याआधी त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, जमिनीवर उभ्या विमानात बसवायचं आणि एकेक बटण, एकेक दांडा हातानं शोधायला लावायचं. दत्ता त्यात पहिल्याच फेरीत पास झाला. हसत म्हणाला, "गोठ्यातला दिवा गेला तरी दावी सुटतातच ना, सर."

एकाहत्तर साली युद्धाची हवा तापली. शिकवणाऱ्यांना सहसा आघाडीवर पाठवत नाहीत, कारण ते गेले तर मागून येणाऱ्यांना शिकवणार कोण? पण आघाडीच्या तळांवर अनुभवी माणसं कमी होती, आणि कोणाला स्वखुशीनं जायचं असेल तर नाव द्या, असं विचारणं आलं. दत्ता आणि त्याच्या बरोबरीची, मी शिकवलेली पोरं तेव्हा सीमेजवळच्या तळावर होती. मी नाव दिलं. तोच तळ मागितला.

घरी आलो तर माझी बायको लता तान्ह्या मुलीला झोपवत होती. तिला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "हुकूम आलाय, का तुमी मागून घेतलाय?"

"मागून घेतलाय."

तिनं मुलीच्या अंगावरची दुपटी सारखी केली. मग म्हणाली, "मंग मला कशाला सांगता? तिला सांगा, मोठी झाली का." तिच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तळावर मला बघून दत्ता पळत आला. सलाम ठोकला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमी कशाला आलात?" मी म्हटलं, "तुझा कासरा बघायला." आमची जोडी लागली. मी पुढचा, तो मागचा.

युद्धाचे पहिले दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. कोणी विचारलं तर मला घामच आठवतो. डिसेंबरची थंडी, आणि उतरल्यावर कपडे पिळावेत असे ओले. भीती वाटायची का? वाटायची, पण ती निघण्याआधी आणि उतरल्यावर. वर असताना हातांना इतकी कामं असतात की भीतीला बसायला जागा मिळत नाही.

मग ती सकाळ आली. सीमेपलीकडच्या एका रेल्वे यार्डात तेलाची मालगाडी उभी होती. रणगाड्यांचं तेल. ती जाळायची होती. जाताना आम्ही जमिनीला इतके चिकटून गेलो की बाभळीचे शेंडे डोळ्यांच्या रेषेत येत होते. यार्ड जवळ आलं की एकदम वर चढायचं, तिथून खाली सूर मारायचा, मारा करायचा आणि पळायचं. पहिला विमानवाला जातो तेव्हा खालच्या तोफा झोपेत असतात. दुसरा जातो तेव्हा त्या जाग्या झालेल्या असतात. मी पहिला होतो.

माझा मारा बरोबर बसला. मधल्या डब्यांनी पेट घेतला, काळा धूर उसळला. मी वळून मागे पाहिलं. दत्ताचं विमान धुरातून बाहेर आलं, पण नाक वर करून. सरळ वर चढत होतं. तिथे वर चढणं म्हणजे तोफांना छाती दाखवणं. मी इंग्रजीत ओरडलो, नाक खाली, डावीकडे वळ. उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. मग कानात वाऱ्याचा प्रचंड घोंघाट आला आणि त्यातून एक आवाज.

"आई गंऽऽ!"

नियम गेला खड्ड्यात. मी म्हटलं, "दत्ता, मी हाय. काय झालं?"

"काच फुटली, सर. डोळ्यात गेलं सगळं. काय दिसत नाय."

विमान अजून चढतच होतं आणि चढता चढता मंदावत होतं. लढाऊ विमान फार मंदावलं तर ते दगडासारखं पडतं.

"कासरा सैल सोड, दत्ता. पुढं सोड. अजून. अजून सोड. बस. आता डावा पंख पडलाय, उजवीकडं घे. जरासाच. थांब. तसाच धर."

ते सरळ झालं. तोफांचे गोळे आमच्या मागे फुटत राहिले आणि मग थांबले. मी जवळ गेलो, त्याच्या पंखाला पंख लागेल इतका. समोरची काच नव्हतीच. हेल्मेटची काचही गेलेली. चेहरा लाल, मान वाऱ्याला वाकवून बसलेला. आणि डोक्यामागे, सीटच्या वरच्या भागात जिथे उडीची छत्री, म्हणजे पॅराशूट, बांधलेली असते, तिथे पत्रा फाटून पांढऱ्या कापडाच्या चिंध्या फडफडत होत्या.

नेमकं तेव्हाच त्यानं विचारलं, "सर, उडी मारू का?"

खोटं बोलता आलं असतं तर बोललो असतो. पण खोटं बोललो असतो तर त्यानं माणसाला सीटसकट बाहेर फेकणारं हँडल ओढलं असतं.

"छत्री फाटलीय, दत्ता. उडी नाय मारायची. घरी जाऊन उतरायचंय."

रेडिओवर फक्त वारा. त्याचं नाक हळूहळू खाली पडायला लागलं.

"दत्ता!"

"ऐकतोय."

"नाक वर घे. हां. असंच."

"सर, तुमी बोलत राहा. तुमी गप झालात का मला वाटतं तुमी गेलात."

आता बोलायचं काय? वर-खाली, डावं-उजवं सांगून झालं की मध्ये मोकळी जागा राहायची आणि त्या जागेत तो श्वास रोखून बसायचा. मी सुचेल ते बोलत सुटलो. कल्याणहून सुटणाऱ्या एसटीत बसलोय, असं धरून चाललो. "बघ, रायता आला. पूल गेला. गोवेली आली. ती म्हातारी चढली, कोंबड्या घेऊन. मुरबाड आलं, गाडी रिकामी झाली. आता टोकावडे..."

"सर," वाऱ्यातून आवाज आला, "सरळगाव राहिलं."

मी हसलो का रडलो ते आठवत नाही. एवढं कळलं की हा माणूस अजून शुद्धीवर आहे.

सीमा ओलांडली. तळाच्या कंट्रोलरला मी काय झालंय ते सांगितलं. त्यानं ताबडतोब उत्तर दिलं, आणि ते बरोबरच होतं. धावपट्टी एकच होती. मोडकं विमान तिच्यावर कोसळलं तर धडक्या विमानाला उतरायला जागा राहत नाही, म्हणून धडकं आधी उतरवायचं. "तू आधी उतर," तो म्हणाला, "तुझं इंधन बघ. त्याला आम्ही खालून सांगू."

मी इंधनाचा काटा बघितला. एका उतरण्यापुरतं होतं, फेरी मारून पुन्हा यायला नव्हतं. मग शेजारी बघितलं. खालून दुर्बिणीतून बघणाऱ्याला त्याचा कुठला पंख किती पडलाय ते कळेपर्यंत तो जमिनीत गेला असता. शिवाय कंट्रोलर दूर पूर्वेकडचा, मराठीचा गंध नाही, आणि दत्ताला आता इंग्रजी कळतच नव्हतं.

"तो आधी उतरेल," मी म्हणालो. कंट्रोलरनं पुन्हा हुकूम दिला. मी उत्तर दिलं नाही.

"दत्ता, तो रुमाल आठवतो? डोळ्यांवर बांधलेला?"

"आठवतो."

"चाकांचा दांडा शोध. डाव्या हातानं."

थोडा वेळ गेला. मग त्याच्या विमानाच्या पोटातून चाकं बाहेर आली. तिन्ही. मी त्याच्या शेजारी, जरा वर, त्याच्याच वेगानं उतरत होतो. धावपट्टी समोर धाग्यासारखी दिसत होती, मग पट्ट्यासारखी. आडवा वारा त्याला डावीकडे ढकलत होता.

"उजवीकडं. जरासा. पुरे. इंजिन थोडं कमी. नाक नको हलवू. दत्ता, आवळू नको, सैल धर. शेत आलं. बांध आला. आता खाली पट्टी हाय. इंजिन कमी. अजून. आता कासरा मागं ओढ, हळू, हळू, हळू..."

चाकं टेकली. विमान उसळलं. "सोडू नको, धर, तसंच धर!" पुन्हा टेकलं आणि टेकून राहिलं. "इंजिन बंद! ब्रेक! दोन्ही पाय सारखे!" तेवढ्यात मी त्याच्या पुढे निघून गेलो. हवेत थांबता येत नाही. मान वळवून मागे बघितलं तर धुळीचा लोट दिसला आणि त्यातून एक शेपूट, तिरकी.

"दत्ता?"

काहीच नाही.

कंट्रोलर म्हणाला, "विमान पट्टीवरच आहे, चाक मोडलंय. आगीची गाडी पोचतेय. पट्टी बंद."

माझा काटा तळाला लागला होता. धावपट्टीला समांतर एक अरुंद रस्ता होता. विमानं रांगत पट्टीकडे जातात तो. त्याच्यावर उतरायची परवानगी मी मागितली नाही, नुसतं सांगितलं. दोन्ही पंखांखाली वाळूच्या पोत्यांच्या भिंती सरकताना दिसत होत्या. चाकं टेकली आणि विमान अजून पळत असतानाच इंजिन आपोआप गप्प झालं. इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. मी पट्टे सोडले, उडी मारली आणि त्या धुळीकडे पळत सुटलो.

त्याला स्ट्रेचरवर घेतलं होतं. मी हात धरला. त्यानं तो चाचपला आणि विचारलं, "सर, तुमी उतरलात?"

संध्याकाळी कमांडिंग ऑफिसरनं मला समोर उभं केलं. "एका विमानापायी दोन गेली असती. दोन माणसं गेली असती."

"हो सर."

"उद्या पुन्हा असं झालं तर काय करशील?"

उत्तराची वाट न बघता ते खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "जा. त्याला भेटून ये." पुढे मी परत शिकवायला गेलो तेव्हा पोरांना तोच नियम शिकवला, धडकं विमान आधी. कोणी उलट लिहिलं तर मार्क कापले. नियम चूक नव्हताच.

दत्ताचा एक डोळा काढावा लागला. दुसऱ्यात उजेडसुद्धा उरला नाही. पुढे तो मुंबईत ब्रेल शिकला, ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून राहिला, लग्न केलं, दोन मुली शिकवल्या, आणि आता निवृत्त होऊन गावी आहे. फोनवर माझ्या खोकल्यावरून माझी तब्येत ओळखतो आणि रागावतो. मी पहिला गेलो आणि तो दुसरा, याबद्दल मी त्याच्याशी एकदा बोलायचा प्रयत्न केला. म्हणाला, "सर, कोणीतरी दुसरा असतोच." तिथे तो विषय त्यानं संपवला. माझ्यापुरता तो संपलेला नाही.

पण मला सगळ्यात कठीण गेलं ते ना यार्डावरच्या सकाळी, ना त्या अरुंद रस्त्यावर; ते त्याच्या घरी. युद्ध संपल्यावर, हॉस्पिटलातून सुटल्यावर त्याला घरी पोचवायला मला पाठवलं, कारण मी जवळचा. कल्याणहून एसटीनं आम्ही गेलो. आईला तारेनं फक्त जखमी झाल्याचं कळवलं होतं. डोळ्यांचं त्यानं कोणाला कळवू दिलं नव्हतं. माझ्या कोपराला धरून तो गावात चालत आला.

त्याच्या घरापुढच्या खळ्यावर भात पाखडणं चाललं होतं. त्याची आई उठली, सूप हातात तसंच. "आला रे माझा दत्ता!" आणि दोन पावलं येऊन थांबली. काळा चष्मा, माझ्या कोपरावरचा हात, तिला सगळं दिसलं. तिनं त्याला नाही, मला विचारलं, "याला दिसतं ना, बाबा?"

मी तोंड उघडायच्या आत दत्ताच म्हणाला, "नाय, आये. आता दिसायचं नाय."

सूप खाली पडलं, भात सांडला. जमलेल्या बायका रडायला लागल्या, आणि मग सगळी एकदम बोलायला लागली. "इकडं ये रे." "जपून, दगड हाय." "डावीकडं व्हय." "अगो, त्याला धरा गो कोणीतरी."

"गप बसा सगळी!" दत्ता एवढ्या जोरात ओरडला की पुढे आलेले हात थांबले. त्यानं माझा कोपर सोडला. "सर, तुमीपण. माझं घर हाय ते. मी जातो."

तो निघाला. हात पुढे नाही, खाली सोडलेले. वाटेत पेंढ्याचा भारा पडला होता. मला दिसत होता, सगळ्यांना दिसत होता. शब्द माझ्या जिभेवर आला. मी दात आवळले. त्याचा पाय अडकला आणि तो गुडघ्यांवर पडला. त्याची आई पुढे झेपावली, आणि मध्येच थांबून तिनं माझं मनगट धरलं. तिची नखं माझ्या कातडीत रुतली.

तो उठला, पण उठताना दिशा चुकली. पडवीकडे जायच्या ऐवजी गोठ्याकडे चालला. उजवीकडं, उजवीकडं, उजवीकडं. माझं सगळं अंग ओरडत होतं. गोठ्याच्या कुडाला त्याचा खांदा लागला. आत बैलानं फुसकारा टाकला. दत्ता थांबला, हात आत घालून त्यानं बैलाचं कपाळ चाचपलं, शिंगांवर बोटं फिरवली. मग पाठ गोठ्याकडे करून उभा राहिला, जरा विचार केला आणि सरळ चालत गेला. पडवीच्या खांबाला हात लागला तसा वळून, पायरी पायानं चाचपून, वर चढून बसला.

चष्मा काढून त्यानं गुडघ्यावर ठेवला.

"आये," तो म्हणाला, "पाणी आण. सरांनापण दे, लय वेळ उभे हायेत."